कबुलीजबाब वाचताना

स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. या अंकात त्या भरपूर असतील आणि बहुतेक आठवणींत सांगणारा मूळ प्रसंगापेक्षा थोडा बरा निघेल. माणूस मुद्दाम खोटं लिहीत नाही, पण वीस-तीस वर्षांत आठवणीला इस्त्री होतेच. म्हणून आठवण बाजूला ठेवून मी निवेदकाविषयी, म्हणजे पुस्तकात गोष्ट सांगणाऱ्याविषयी, लिहितो. त्याची ओळख आम्हा सर्वांना मराठीच्या तासाला झाली; मात्र प्रश्नपत्रिकेत ‘लेखकाला काय म्हणायचे आहे?’ असाच प्रश्न यायचा. लेखक आणि निवेदक यांची गल्लत तिथूनच सुरू होते.

‘अविश्वसनीय निवेदक’, म्हणजे ज्याचं सांगणं वाचकाने जसंच्या तसं खरं मानू नये असा निवेदक, ही संज्ञा अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये रूढ केली. विद्यार्थी तिचा अर्थ ‘खोटारडा’ असा घेतात आणि तिथेच अडकतात. खोटारडा पकडायला सोपा असतो. अवघड असतो तो अपराधीपणाने पोळलेला आणि कबुली द्यायला बसलेला निवेदक. जो स्वतःहून ‘चूक माझी’ म्हणतो, त्याची उलटतपासणी करायला कोणी धजत नाही. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (1959) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कैफियत मांडतात. ययाती स्वतःच्या वासनेची कबुली देतो, म्हणून त्याचं पारडं आपोआप जड होतं. देवयानी कबुली देत नाही, म्हणून ती वाचकाला खटकते. निकाल पुराव्यावर लागलेला नसतो, सुरावर लागलेला असतो.

या गोष्टीचा कसून अभ्यास करायचा तर इअन मॅकयुअन यांची ‘अटोनमेंट’ (2001) घ्यावी. नावाचा अर्थ प्रायश्चित्त. पुढे शेवट फोडतो आहे. तो न फोडता या कादंबरीवर बोलता येत नाही.

1935 चा उन्हाळा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं टॅलिस कुटुंबाचं घर. तेरा वर्षांच्या ब्रायनीला लिहिण्याचं वेड. खिडकीतून तिला कारंज्यापाशी थोरली बहीण सिसिलिया आणि मोलकरणीचा मुलगा रॉबी दिसतात. सिसिलिया कपडे उतरवून पाण्यात उतरते. खरं कारण इतकंच, की ओढाताणीत फुलदाणीचा तुकडा तुटून पाण्यात पडला आहे. ब्रायनीला मात्र त्यात धमकी दिसते. त्याच रात्री अंधारात लोला या मावसबहिणीवर बलात्कार होतो आणि ब्रायनी रॉबीचं नाव घेते.

जबाबाचं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचावं. पोलीस अधिकारी विचारतो तेव्हा ब्रायनी आधी सांगते, तो होता हे मला माहीत आहे. अधिकारी तिला ‘माहीत’ सोडून ‘पाहिलं’वर आणतो आणि ती हो म्हणते. क्रियापद बदललं आणि एक माणूस तुरुंगात गेला. इथे ब्रायनी खोटं बोलते का? माझ्या मते नाही. दिवसभर गोळा केलेल्या तुकड्यांची तिने गोष्ट जुळवलेली असते आणि अंधारातली आकृती त्या गोष्टीत चपखल बसते. कल्पनाशक्ती आधी, डोळे नंतर. वर्गात या दोन क्रियापदांखाली वेगवेगळ्या रंगांच्या रेघा मारल्या तर पाच पानांत सगळा प्रकार उघडा पडतो.

आता खरी मेख. कारंज्याचा प्रसंग आधी सिसिलियाच्या बाजूने येतो, मग ब्रायनीच्या खिडकीतून, पुढे रॉबीच्या आठवणीत. निवेदन तृतीयपुरुषी असल्यामुळे वाचक निर्धास्त असतो. हा सर्वज्ञ निवेदक, याला सगळ्यांच्या मनातलं ठाऊक असणारच. इथेच समासात लिहावं: हे कोणाला कळलं आणि कसं? उत्तर तिसऱ्या भागात हळूच मिळतं. 1940, ब्रायनी लंडनमध्ये परिचारिका. ‘होरायझन’ मासिकाच्या संपादकाचं साभार परतीचं पत्र तिला येतं. कारंज्यापाशी घडलेल्या प्रसंगावरची तिची कथा परत आली आहे. पत्रात सूचना आहेत: मिंग (प्राचीन चिनी) फुलदाणी फारच मौल्यवान, ती कोणी बागेत नेईल का? शिल्पकार बर्निनीचं ते कारंजं रोममधल्या पियाझ्झा नव्होना या चौकात नाही, पियाझ्झा बार्बेरिनीत आहे. शिवाय ही मुलगी त्या दोघांच्या आयुष्यात आडवी आली तर? आता मागे जाऊन दुसरं प्रकरण उघडावं. फुलदाणी माइसेनची (जर्मन) आहे आणि कारंजं बार्बेरिनीतल्या कारंज्याची प्रतिकृती. म्हणजे आपण वाचला तो सुधारलेला खर्डा. सर्वज्ञ निवेदक कोणीच नव्हता. सिसिलियाचं मन, रॉबीचं मन, सगळं ब्रायनीनेच लिहिलं. पहिल्या वाचनात हे पत्र कंटाळवाणं म्हणून उडवलं जातं. दुसऱ्या वाचनाची सुरुवात तिथूनच करावी.

शेवटच्या प्रकरणात 1999 साल. सत्त्याहत्तर वर्षांची ब्रायनी सांगते की तुरुंगातून सैन्यात गेलेला रॉबी 1 जून 1940 रोजी फ्रान्समधल्या ब्रे ड्यून्सला रक्तात विष भिनून मेला, सिसिलिया त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनच्या बालम भुयारी स्थानकावरच्या बॉम्बने. दोघं पुन्हा भेटलेच नाहीत. तिसऱ्या भागातली त्यांची भेट, तिने मागितलेली माफी, सगळं रचलेलं. सूचना तिथेही होती: क्लॅपमच्या चर्चमधून लोला आणि पॉल मार्शल (बलात्कार करणारा खरा हाच) यांचं लग्न पाहून ब्रायनी बालमकडे निघते, तेव्हा तिला वाटतं की आपली दुसरी एक प्रत रुग्णालयाकडे परत चालली आहे आणि तीही तितकीच खरी आहे. खरी तीच होती.

लोक इथे पुस्तक मिटतात: ‘शेवटी खरं कळलं.’ मी मिटू देत नाही. हे प्रकरण लिहिणाऱ्या बाईला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे आणि जानेवारी 1940 पासून मार्च 1999 पर्यंत तिने अर्धा डझनांहून जास्त खर्डे केले आहेत. बालम स्थानकावर प्रत्यक्षात बॉम्ब पडला तो 14 ऑक्टोबर 1940 ला. महिन्याची ही चूक कादंबरीकाराची की ब्रायनीची, यावर वाद घालता येईल. पण जी बाई संपादकाने दाखवलेला चौक दुरुस्त करते, तिने बहिणीच्या मृत्यूचा महिना चुकवावा, हे मला सहज वाटत नाही. आणखी एक गंमत. दुसऱ्या भागात रॉबी आठवतो की दहा वर्षांची ब्रायनी त्याने वाचवावं म्हणून नदीत उडी मारून बसली होती. त्या एकतर्फी प्रेमापायी तिने सूड घेतला असा तर्क तो करतो. हा तर्कही ब्रायनीनेच लिहिलेला! आरोपीने फिर्यादीच्या तोंडी स्वतःविरुद्धचा हेतू घातला आहे. प्रेमभंगाचा सूड निदान समजण्यासारखा असतो. नुसत्या कल्पनेच्या लहरीपायी माणसं मेली हे कबूल करणं त्याहून जड.

तुलनेसाठी काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (1989) मधला बटलर स्टीव्हन्स पाहावा. मिस केंटनच्या बंद दाराबाहेर आपण उभे होतो आणि ती आत रडत होती, हे त्याला पक्कं आठवतं. पण आधी तो ते तिच्या मावशीच्या निधनाशी जोडतो आणि बऱ्याच पानांनंतर म्हणतो, तो प्रसंग दुसऱ्याच संध्याकाळचा असावा. ब्रायनी घटना बदलते, हा तारीख बदलतो. आपल्याकडे विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (1939) याच दृष्टीने वाचता येतं: नायक चक्रधरचं निवेदन वाचून झाल्यावर त्याची प्रेयसी हॅर्टाची पत्रं पुन्हा वाचावीत आणि त्याने काय गाळलं ते शोधावं.

शाळेच्या वाचनमंडळाला एक व्यावहारिक सूचना. ‘अटोनमेंट’मध्ये बलात्कार आहे, एक उघड शब्दांतलं पत्र आहे, बारावीच्या आधी देऊ नये. चार बैठका पुरतात. पहिल्या भागाची चौदा प्रकरणं दोन बैठकांत, डंकर्कच्या माघारीचा दुसरा भाग घरी वाचायला, तिसरा भाग तिसऱ्या बैठकीत. 1999 चं प्रकरण चौथ्या बैठकीपर्यंत कोणाच्याही हाती पडू देऊ नये. ती पानं मी वेगळी झेरॉक्स काढून वाटतो आणि पुस्तकात तिथे स्टेपलर मारतो. ग्रंथपालांची आधी परवानगी घ्यावी.