जेटी३३ चा चक, बी१६ चा आर्बर: अपडेट ३

ड्रिल प्रेसचा (उभ्या ड्रिल मशीनचा) नवा १३ मिमी चक, म्हणजे ड्रिल पकडणारा भाग, तिसऱ्यांदा गळून पडला. चक आणि मशीनचा फिरता दांडा (स्पिंडल) यांना जोडतो तो आर्बर. चक त्यावर नुसत्या निमुळत्या बसणीने, म्हणजे टेपरने, टिकतो. जेटी३३ आणि बी१६ ही अशा टेपरची ठरलेली मापं. १२ चं ड्रिल पाटीतून आरपार जाताना धरलं आणि चक खाली. ५ चं ड्रिल मात्र दिवसभर बिनतक्रार चालत होतं, त्यामुळे आधी संशय ग्रीसवर गेला. दोन्ही टेपर थिनरने पुसले, बर (धातूचे बारीक उंचवटे) ऑइलस्टोनने काढला. फरक शून्य.

घोळ तोंडाच्या मापात होता. बी१६ चं मोठं टोक १५.७३ मिमी, जेटी३३ चं १५.८५. व्हर्नियर लावून ‘जवळपास तेच’ म्हणायला वाव भरपूर. म्हणून तोंड न मोजता उतार मोजायचा: आर्बरवर २० मिमी अंतराने दोन खुणा, मायक्रोमीटरने दोन व्यास. फरक १.०० आला, म्हणजे बी१६. जेटी३३ असता तर १.२७ आला असता. (जेटी६ या आणखी एका टेपरचा १.०४ येतो, तिथे मात्र तोंडच १७.१७.) मग आर्बरला मार्किंग ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून चक हलकेच बसवला आणि काढला. निळा रंग फक्त बारीक टोकाच्या कडेला पुसलेला, कारण चकचं भोक जास्त वेगाने निमुळतं होतं. तोंडाशी पाव मिमीहून जास्त फट, आणि आर्बर जवळपास ३ मिमी बाहेर. तिथे लॉकटाइट (धातू चिकटवणारा गोंद) ओतणं किंवा एमरी फिरवणं म्हणजे दोन्ही वस्तू भंगारात.

दुकानात ‘१३ चा चक द्या’ म्हटलं की १३ चाच मिळतो. टेपर कुणी विचारत नाही. नागदेवीला (मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात) जाताना जुना आर्बर खिशात हवाच.

बेत होता चक परत करून बी१६ चा आणायचा. पण स्पिंडल एमटी२ (मोर्स टेपर नं. २), आणि चकचे जॉ (ड्रिल धरणारे जबडे) झकास. मग आर्बरच बदलला: एमटी२–जेटी३३, चकपेक्षा कितीतरी स्वस्त. जुना ड्रिफ्टने (पाचरीने) एका ठोक्यात सुटला. बसवताना जॉ पूर्ण आत घेतले, टेबलावर लाकडी ठोकळा ठेवून क्विल (स्पिंडल खालीवर नेणारी नळी) दाबली. निळी खूण आता पूर्ण लांबीभर!

१० मिमी डॉवेल (अचूक गोल पिन) पकडून जॉपासून ५० मिमीवर डायल (फिरताना येणारा हेलकावा मोजणारं घड्याळ) लावला: ०.११ मिमी. टँगमुळे (टोकाच्या चपट्या जिभेमुळे) आर्बर दोनच तऱ्हांनी बसतो. अर्धा फेरा फिरवून बसवला तर ०.०५. तिथे पंचने खूण करून ठेवली.

आणि हे करतानाच सुचलं: स्पिंडल एमटी२ असेल तर १६ मिमी चक घ्यायचाच कशाला? १६ चं टेपर शँक (निमुळत्या दांड्याचं) ड्रिल थेट बसेल. अडचण वेगाची. माइल्ड स्टीलला १६ साठी ४०० आरपीएम पुरे, मशीनचा सर्वांत कमी वेग ६००. पुढचा अपडेट वेग बदलणाऱ्या पुलीचा.