काकी, सरपंच आणि माझ्या दोन वह्या

राज्यशास्त्राच्या जोडीला समाजशास्त्र घेतलं ते काही फार विचार करून नाही. दोन्ही तास एकापाठोपाठ होते आणि दीडची एसटी गाठता येत होती. (आमच्याकडे यालाच करिअर प्लॅनिंग म्हणतात.)

राज्यशास्त्राच्या वहीत ७३वी घटनादुरुस्ती. २४ एप्रिल १९९३पासून लागू, पंचायतीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात २०११पासून निम्म्या. तोंडपाठ. माझी काकी त्याच आरक्षणातून सरपंच झालेली, म्हणजे उदाहरण घरातच. ‘गावाने एकमताने बिनविरोध निवडून दिले’ असं लिहिलं, दहापैकी आठ मिळाले.

तेच वाक्य समाजशास्त्राच्या प्रकल्पात टाकलं. मॅडमनी ‘गावाने’ला पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘गाव म्हणजे कोण?’

सुट्टीत काकीलाच विचारलं. ती भाकरी थापत होती. “देवळात भावकी बसली, मामंजींनी माझं नाव सांगितलं. मला रात्री जेवताना कळलं.”

“आणि दुसऱ्या कुणाला उभं राहायचं नव्हतं?”

“वरच्या आळीतली एक भरणार होती की अर्ज. तिच्या नवऱ्याला बोलावून सांगितलं, पुढच्या वेळी बघू.”

इतकं सहज, की मी पुढे काही विचारायचं विसरले.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांची ‘प्रभावी जात’ (गावात जिचा शब्द चालतो ती) तोवर मला परीक्षेतली टीप वाटायची. १९४८मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून आले. जमीन कुणाकडे, माणसं कुणाची जास्त, तंटा कोण मिटवतं, हे त्यांनी पाहिलं. आता वाचताना आमचंच देऊळ डोळ्यांसमोर येतं.

पण नुसती समाजशास्त्राची वही धरली तर काकी बाहुली ठरते, आणि ते मला पटत नाही. मीटिंगमध्ये काका बोलतात हे खरं. पंचायतीच्या चेकवर मात्र ग्रामसेवकासोबत सरपंचाची सही लागते. उन्हाळ्यात पाइपलाइनच्या बिलावर काकीने तीन दिवस सही केली नाही. वरच्या आळीला नळ पोचला नव्हता. काका चिडले, जेवले नाहीत. चौथ्या दिवशी तिकडे खोदाई सुरू झाली.

प्रकल्प परत लिहिलाय. ‘गावाने’ खोडून ‘भावकीने’ केलं. काकीला वाचून दाखवला. म्हणाली, “बरोबर आहे सगळं. मामंजींचं नाव तेवढं काढ.”