अर्जात वेळेचा रकाना नव्हता

आमच्या तळ्यातील मासे ज्या पाण्यात गुदमरून मेले, त्या पाण्यात पहाटे प्राणवायू किती असतो, हे कागदावर लिहून मिळायला मला 47 दिवस लागले. प्रत्यक्ष तपासणीला एक तासही लागत नाही. तो मनस्ताप अजून ओसरलेला नाही. परंतु खानापूर, हुक्केरी, चिकोडी या भागांतील ज्या बचत गटांनी गावतळी मत्स्यपालनासाठी घेतली आहेत, त्यांच्यावर हीच वेळ आली तर त्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे गाव बेळगाव तालुक्यात, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात आहे. बारा जणींच्या आमच्या गटाने ग्रामपंचायतीच्या लिलावात तळे घेतले आणि श्रावणात कटला, रोहू व मृगळ या माशांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली. एप्रिलच्या मध्यास सलग तीन दिवस आभाळ भरून राहिले, चौथ्या रात्री वळवाचा जोरदार पाऊस झाला आणि पहाटे शेजारच्या मावशींनी हाक मारली. मी काठावर पोहोचले तेव्हा जिवंत मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते आणि मोठे मासे आधीच पांढरी पोटे वर करून तरंगत होते. उन्हे वर येईपर्यंत आमच्या आठ महिन्यांच्या कष्टांचे दोन ढीग काठावर लागले.

पंधरा दिवसांच्या आत गावात डासांचा सुळसुळाट झाला आणि त्याचाही ठपका आमच्या तळ्यावर आला. मासे मेल्यावर डास का वाढतात, हे मला तेव्हा कळत नव्हते, ते माझ्या मुलीने समजावून सांगितले. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला की तो मरतो. घाण पाण्यातील क्युलेक्स डासाची अळी मात्र डोके खाली करून पृष्ठभागाला लटकते आणि शेपटीकडील नळीने थेट वरची हवा घेते. तिला पाण्यातल्या प्राणवायूची गरज फारशी भासत नाही. म्हणजे जे पाणी माशाला मारते, ते या अळीला पोसते आणि तिला खाणारे लहान मासे व चतुराच्या अळ्याही नाहीशा करते. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. गावात सायंकाळी धुराची फवारणी झाली, पण धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंग्यूचा डास घरातील पिंप, हौद, टायर यांमधील साठवलेल्या पाण्यात वाढतो, हेही लोकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले, कारण तळ्याकडे बोट दाखवून घरातले पिंप उघडे ठेवणारे आमच्या गल्लीतही आहेत.

लिलावाच्या रकमेत सूट हवी असेल तर मासे कशाने मेले याचा तपासणी अहवाल जोडा, असे पंचायतीत सांगण्यात आले. ही मागणी मला रास्त वाटली. मत्स्यखात्याचे कर्मचारीही येऊन पाहून गेले, प्राणवायू कमी पडला असणार असे म्हणाले आणि अहवाल घ्या असेच त्यांनीही सुचवले. इथपर्यंत आठवडाही गेला नव्हता.

त्यानंतर जिल्ह्यातील एका पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी सगळे अडकले. अर्ज कानडीत होता, त्याची अडचण नव्हती. मी अक्षरे लावून वाचते आणि उरलेले मुलगी वाचते. परंतु पाण्याच्या स्रोतासाठी बावी (विहीर), कोळवे बावी (कूपनलिका) आणि नळ एवढेच पर्याय छापलेले होते, तळ्यासाठी ‘केरे’ हा शब्दच नव्हता. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज परत केला आणि तळे पंचायतीचे असल्याचे पत्र आणा, मग बघू, असे सांगितले. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब प्रशिक्षणाला गेलेले असल्याने पत्राला नऊ दिवस लागले. पत्र घेऊन गेले तर बाटली घरची म्हणून नमुना नाकारला. त्यांची बाटली नेली, दुसऱ्या दिवशी पहाटे नमुना भरला, सकाळची पहिली बस पकडून दहाच्या आत खिडकीपाशी उभी राहिले, तर नमुने बारानंतरच घेतले जातात असे उत्तर आले आणि बारा वाजता संबंधित बाई रजेवर असल्याचे कळले. ‘नाळे बर्री, अक्का,’ एवढेच ते गृहस्थ म्हणाले. बेळगावात ‘उद्या या’ हे कोणत्या सुरात म्हटले म्हणजे उद्या काम होणार नाही, हे आम्हाला लहानपणापासून कळते.

चौथ्या फेरीत मी अर्जावर तारखेशेजारी ‘पहाटे 5.40’ असे लिहिले, तेव्हा त्यांनी त्यावर काट मारली. अर्जात ‘दिनांक’ होता, ‘समय’ नव्हता, आणि जे छापलेले नाही ते लिहिता येत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. सगळा प्रश्न त्या वेळेतच आहे, हे मी तीन वेळा सांगितले. दिवसा उन्हात पाण्यातले हिरवे शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी तळे प्राणवायूने भरलेले असते. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ मिळून तो प्राणवायू वापरतात, म्हणून उजाडण्याच्या आधी तो सर्वांत कमी असतो. आभाळ भरलेले असले की दिवसाची भर पडत नाही आणि पहिल्या वळवाने गल्लीतले शेण व कचरा वाहून आला की उरलेलाही संपतो. दुपारच्या पाण्याचा अहवाल घेऊन पहाटेच्या मृत्यूचे कारण कसे कळणार? त्यांनी मान हलवली, पण काट तशीच राहिली.

अखेर नमुना घेतला गेला आणि अकरा दिवसांनी अहवाल आला. कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट या सर्वांपुढे मर्यादेत असल्याची खूण होती. फक्त जिवाणूंमुळे पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा शेरा होता. विरघळलेल्या प्राणवायूचा उल्लेखच नव्हता. तो कागद हातात घेऊन मी बसस्थानकावर बराच वेळ बसून राहिले. त्या कागदातला एकही आकडा खोटा नसेल, पण ती तपासणी पिण्याच्या पाण्याची होती. माशाला लागणारे पाणी वेगळे मोजावे लागते, हे पहिल्या दिवशी खिडकीवर कोणी एका वाक्यात सांगितले असते तर माझा एक महिना वाचला असता. राग मला याचाच आहे.

मार्ग निघाला तो मुलीच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सरांमुळे. प्राणवायूचा नमुना साध्या बाटलीतून नेताच येत नाही, हलवाहलवीत त्यात हवा मिसळते किंवा आतले जिवाणू तो वापरून टाकतात, त्यामुळे तो काठावरच स्थिर करावा लागतो, हे त्यांनी सांगितले आणि ते स्वतः पहाटे आमच्या गावी आले. काचेच्या बुचाची 300 मिलिलिटरची बाटली त्यांनी कोपरभर पाण्यात बुडवून, एकही बुडबुडा राहू न देता भरली, तिच्यात दोन द्रावणे सोडली आणि बूच लावून ती उलटी-सुलटी केली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा राहतो. विजेरीच्या उजेडात आम्ही पाहत होतो आणि बाटलीत जवळजवळ दुधासारखा पांढरा साका खाली उतरत होता. दुपारी तीन वाजता त्याच जागी भरलेल्या दुसऱ्या बाटलीत मात्र दाट तपकिरी रंग आला. सरांनी सुचवलेल्या खासगी प्रयोगशाळेने आकडे दिले: पहाटे लिटरला 1.4 मिलिग्रॅम, दुपारी 10.8. मत्स्यजीवनासाठीच्या पाण्यात किमान 4 मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. दोन्ही आकड्यांपुढे वेळ छापलेली पाहून मला जे बरे वाटले, ते शब्दांत मांडता येणार नाही.

पुढचे सोपे झाले. पंचायतीने लिलावाच्या रकमेत सूट दिली आणि दोन वर्षांपूर्वी गल्लीची जी गटार तळ्याकडे वळवली होती, ती शोषखड्ड्याकडे फिरवण्याचा ठराव केला. गोठ्यांचे पाणी व साबणाचा फेस त्याच गटारीने येत होता, त्यावरच शेवाळ माजले होते.

नमुना भरताना काठावरचे साचलेले पाणी घेऊ नका, थोडे आत उतरा. अर्जात रकाना नसेल तर सोबत वेगळे पत्र द्या, त्यात वेळ लिहा आणि पत्राच्या प्रतीवर शिक्का घ्या. हे मला फार उशिरा सुचले. प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी ‘विरघळलेला प्राणवायू तपासता का’ हा एकच प्रश्न विचारा, आणि जमल्यास अमोनियाचेही विचारा, कारण दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू (पीएच) वाढतो तेव्हा तोच अमोनिया माशांना अधिक विषारी ठरतो. आरोग्य कर्मचाऱ्यांनी गप्पी मासे आणले तर हौदात, बंद टाक्यांत जरूर सोडा. त्यांचे तोंड वरच्या बाजूला असल्याने ते पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून प्राणवायू मिळवतात आणि वाईट पाण्यातही तग धरतात. आमच्या तळ्याचे जादा पाणी ओढ्याने नदीला जाते, म्हणून तळ्यात गप्पी सोडायला मी नकार दिला. परदेशी मासा नदीत शिरला की तो परत काढता येत नाही. त्याऐवजी डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेले आपले लहान देशी मासे ओढ्यात आहेत, ते अळ्या आवडीने खातात. मात्र काठचे गवत आणि जलपर्णी काढल्याशिवाय कोणत्याही माशाला अळीपर्यंत पोहोचता येत नाही. आमच्या बारा जणींनी दोन रविवार कंबरभर पाण्यात उभे राहून ती काढली.

जुलैत पाऊस लागून तळे भरल्यावर सरांच्या बाटल्या घेऊन मी आणि मुलगी पुन्हा पहाटे गेलो. साका तपकिरी बसला, आकडा 5.1 आला. त्यानंतरच आम्ही नवीन बोटुकली आणली, पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घेत तोंडे उघडली. शोषखड्ड्याचे काम अजून अर्धवट आहे. ते पुढच्या वळवापूर्वी व्हावे म्हणून मी दर सोमवारी पंचायतीत जाते.