मेलेला चालतो, पुसलेला चालत नाही

शेवटावर भडकलेला कॉमिकचा वाचक लगेच ओळखू येतो. बाकीचे वाचक ‘शेवट काही पटला नाही’ म्हणून मोकळे होतात. हा अंक क्रमांक सांगतो. ‘मे काकूसाठी लग्न मोडलं? ही काकू 400व्या अंकात गेली होती ना? मग म्हणालात, गेली ती काकू नव्हतीच, नॉर्मन ऑसबॉर्नने काकू म्हणून आणून बसवलेली नटी होती. ते चाललं, मग आता एका गोळीचं एवढं काय?’ एवढं बोलून तो श्वास घेतो, आणि भांडण खरं तिथून सुरू होतं.

काकू स्पायडर-मॅनची, लग्नही त्याचंच, आणि ऑसबॉर्न त्याचा जुना वैरी. पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, आणि मेरी जेनचं लग्न 1987 साली वार्षिक अंकात लागलं. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर तर वेश चढवलेले नवरा-नवरी उभे करून, स्पायडर-मॅनच्या जनकांपैकी एक, खुद्द स्टॅन ली यांना पौरोहित्याला बोलावून ते जाहीरपणे पार पडलं. पुढे वीस वर्षं संसार झाला. आणि 2007च्या शेवटी ‘वन मोअर डे’ ही चार अंकांची कथा आली. पीटरने जगासमोर मुखवटा उतरवलेला असतो, त्यापायी त्याच्यावर झाडलेली गोळी काकूला लागते आणि डॉक्टर हात टेकतात. तेव्हा मेफिस्टो नावाचा सैतान सौदा मांडतो: काकूचा जीव वाचवतो, लग्न द्या. आत्मा वगैरे काही नको, लग्नच हवं. नवरा-बायको रात्रभर विचार करून हो म्हणतात. पुढच्या पानांवर पीटर काकूच्या घरी जागा होतो. लग्न झालेलंच नाही, मुखवट्यामागचा चेहरा सगळं जग विसरलेलं, आणि 1993 साली मेलेला मित्र हॅरी ऑसबॉर्न पार्टीत ठणठणीत हजर.

या शेवटावर उठलेला धुरळा अजून पुरता बसलेला नाही. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, आवडती जोडी तुटली म्हणून मंडळी रुसली. तसेही काही होते. पण बहुतेकांची तक्रार हिशोबाची होती. ज्या जगात जादूगार, देवबिव आणि परग्रहावरचे वैद्य शेजारी राहतात, तिथे गोळीची जखम कुणालाच बरी करता येऊ नये? पीटर जादूगार डॉक्टर स्ट्रेंजकडे गेल्याचं कथेत दाखवलंय, पण तो नकार एका दृश्यात उरकलाय आणि वाचकाला उरकलेलं लगेच कळतं. दुसरं, या गड्याचं सगळं चरित्र ‘चूक केली, किंमत मोजली’ या एका सूत्रावर उभं आहे. इथे किंमत मोजायची वेळ आली आणि त्याने ती सैतानाकडून माफ करून घेतली. शिवाय आतली गोष्टही बाहेर आली. लेखक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांना शेवट मान्य नव्हता आणि शेवटच्या अंकांवरून आपलं नाव काढायचा विचार त्यांनी केला होता, हे त्यांनीच जाहीर सांगितलं. मुख्य संपादक जो केसाडा लग्नाच्या विरोधात आहेत हे जगजाहीर होतंच, आणि या अंकांची चित्रंही त्यांचीच. म्हणजे वाचकाला पानावर मेफिस्टो दिसत होता आणि पानामागे संपादक. एकदा तो दिसला की कथेवर विश्वास बसत नाही, काही करा.

मग 2010मध्ये खुलासा करणारी कथा आली. त्यात कळलं की लग्नाच्या आदल्या रात्री एका भुरट्या चोराच्या भानगडीत पीटर बेशुद्ध पडला आणि मुहूर्त चुकला. बाकी सगळं जसंच्या तसं घडलं, फक्त दोघं लग्नाशिवाय एकत्र राहत होते. कागदावर हे चोख आहे, जुने अंक जवळजवळ सगळे शाबूत राहतात. पण ज्याने वीस वर्षं दर महिन्याला पैसे मोजून संसार वाचला, त्याला ‘ते सगळं खरं होतं, फक्त लग्न तेवढं वजा करा’ हे सांगणं म्हणजे जेवून उठलेल्याला भाताचं शीत मोजायला बसवणं.

याउलट पीटरची आधीची प्रेयसी ग्वेन स्टेसी बघा. स्पायडर-मॅनचा 1973चा 121वा अंक. ग्रीन गॉब्लिन नावाचा खलनायक तिला पुलावरून खाली टाकतो. मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन आहे आणि चित्रातला बराचसा ब्रुकलिनसारखा दिसतो. हाही वाद जुना आहे, तो इथे नको. स्पायडर-मॅन जाळं फेकतो, तिच्या पायांना ते पकडतं, आणि त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलाय: ‘स्नॅप’. तो वर ओढून घेतो, आपणच वाचवलं म्हणून खूश होतो, आणि मग लक्षात येतं. कथेचं नावही पहिल्या पानावर छापलेलं नाही. ते शेवटच्या पानावर आहे, कारण नावातच मृत्यू आहे.

गॉब्लिन म्हणतो, इतक्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीला टेकायच्या आधीच मरतो. हे साफ खोटं. छत्रीधारी सैनिक याहून कितीतरी उंचावरून उड्या घेतात आणि रात्रीच्या जेवणाला हजर असतात. वाचकांनी तो आवाज पकडला आणि पत्रांचा पाऊस पडला. 125व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनी कबूल केलं की जाळ्याने एकदम रोखल्यामुळे बसलेल्या हिसक्यानेच ती गेली. गणित करून बघण्यासारखं आहे. समजा ती 90 मीटर पडली. हवेचा विरोध सोडला तर तोवर वेग सेकंदाला 42 मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. हा वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा तर जाळं साडेदहा मीटर ताणलं जायला हवं, आणि शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठ पटींहून जास्त हिसका बसतो. तोही पाय धरलेले आणि डोकं मोकळं असताना. हेच थांबणं दोन सेकंदांवर नेलं तर हिसका दोन पटींच्या आसपास येतो, पण मग खाली 42 मीटर मोकळी जागा लागते. पीटरकडे ना तेवढा वेळ होता ना जागा.

लोक तेव्हाही चिडले होते, काही फार चिडले. पण शेवट टिकला. त्याला कारण होतं, कारणाला किंमत होती आणि ती किंमत नायकाच्याच हातून गेली होती. ग्वेनच्या नावाने पुढे क्लोन, म्हणजे हुबेहूब नकला, आले, दुसऱ्या विश्वातल्या ग्वेनी आल्या, पण त्या रात्रीची ग्वेन पुढची पन्नास वर्षं तरी मेलेलीच राहिली. मढं उकरून काढायची एवढी खोड असलेल्या धंद्यात हे नवलच.

रागाचा परिणाम लगेच का होत नाही, हे सांगायला हवं. अमेरिकेतली कॉमिकची दुकानं माल साधारण दोन महिने आधी सूची बघून मागवतात, अंक निघायच्या काही आठवडे आधी आकडा पक्का करतात, आणि न खपलेला माल बहुतेक वेळा परत जात नाही. त्यामुळे शेवट वाचून ज्याने तावातावाने ‘माझं नाव यादीतून काढा’ म्हटलं, त्याचा पहिला फटका प्रकाशकाला नाही, गल्ल्यावरच्या दुकानदाराला बसतो, कारण त्या गिऱ्हाइकाच्या नावचा पुढचा अंक तरी आधीच पक्का मागवलेला असतो. प्रकाशकाकडे पुढचे दोन-तीन अंक लिहून, बहुधा काढूनही झालेले असतात. शेवट खटकला तर नुसतं ओरडण्यापेक्षा आकडा पक्का व्हायच्या आधी नाव काढणं कामाचं. पण त्यासाठी शेवट आधी कळायला हवा, आणि आधी कळला की ‘शेवट फोडला’ म्हणून वेगळी बोंब. 2018 साली बॅटमॅनच्या 50व्या अंकात कॅटवुमनशी लग्न होणार म्हणून दुकानांनी खास मुखपृष्ठांचे गठ्ठे मागवले. नवरी मांडवात येतच नाही हे अंक हाती यायच्या आधीच वर्तमानपत्रात छापून आलं. त्या आठवड्यात वाचकांपेक्षा दुकानदार जास्त रागावलेले होते, आणि त्यांचं चुकलंही नव्हतं.

संपादक नेहमीच खलनायक असतो असंही नाही. 1980 साली एक्स-मेन या अचाट शक्तीवाल्यांच्या टोळीच्या 137व्या अंकात त्यांच्यातल्याच जीन ग्रेची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचं ठरलं होतं. पानं तयार होती. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले: हिने सूर्य गिळून एका ग्रहावरची पाच अब्ज प्रजा मारली आहे, नुसती शक्ती काढून सोडायची कशी? शेवटची पानं नव्याने काढली आणि जीनने चंद्रावर स्वतःला संपवलं. वाचक रडले, पण पटलं. मूळचा, ती जगते तो शेवट 1984मध्ये वेगळा छापला, तो लोकांनी कुतूहलाने वाचला आणि बाजूला ठेवला. खरा घोळ 1986मध्ये. एक्स-मेनमधले पहिले पाच जण पुन्हा एकत्र आणायचे म्हणून जीनला समुद्राच्या तळाशी एका कोशात सापडवलं आणि सांगितलं, चंद्रावर मेली ती जीन नव्हती, स्वतःला जीन समजणारी एक शक्ती होती. तिच्यासाठी तिचा जुना प्रियकर सायक्लॉप्सने बायको आणि तान्हं पोर मागे सोडलं. ते फार वाईट दिसायला लागलं, तेव्हा बायकोच जीनची क्लोन निघाली. एक भोक बुजवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. सायक्लॉप्सला त्याबद्दल अजून कुणी माफ केलेलं नाही.

आणि एकदा शेवट वाचकांच्याच हाती देऊन पाहिला होता. 1988, बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, दुसरा रॉबिन, जेसन टॉड. बॅटमोबाइलची चाकं चोरताना सापडलेला, उद्धट, बऱ्याच जणांचा नावडता. जोकर त्याला लोखंडी पहारीने बडवतो, मग स्फोट, आणि अंकाच्या मागे दोन फोन नंबर: जगवायचा तर हा, मारायचा तर तो. एका फोनला 50 सेंट. दोन दिवसांत 10,614 फोन आले. मारा: 5,343. जगवा: 5,271. फरक 72 मतांचा, म्हणजे 36 डॉलरचा. निकाल लागल्यावर मारा म्हणणाऱ्यांतलेही कितीतरी चपापले. बाहेरच्या लोकांनी तर पोराला फोन करून मारणारे म्हणून वाचकांनाच झोडपलं. या एका शेवटाचा दोष वाचकांना दुसऱ्या कुणाच्या माथी मारायला जागाच नव्हती. जेसन 2005मध्ये परतला तो खुनशी होऊन, आणि परतला म्हणून पुन्हा भांडणं झाली, ते ओघानेच आलं.

चित्रकार जिम अपारो यांनी मात्र दोन्ही निकालांची पानं काढून ठेवली होती. ‘जिवंत आहे’ असं सांगणारं पान त्या अंकात आलं नाही. 2023च्या डिसेंबरमध्ये प्रकाशकाने बॅटमॅनचा तोच 428वा अंक, जुन्याच साजात पण रॉबिन जगलेला, नव्याने छापला. पस्तीस वर्षं झाली होती. हरलेल्या 5,271 फोनवाल्यांना आपलं पान मिळालं, आणि त्यावरही पहिली चर्चा हीच झाली की आता हा अंक क्रमाने लावताना जुन्याच्या आधी ठेवायचा की नंतर.