कपाटाची वही

रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली, तेव्हा माझ्या एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात लाकडी खुंटी होती. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंनी आवाज जराही न चढवता, आज रविवार आहे एवढेच सांगितले आणि मी काम थांबवते असे म्हणेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. कोब्लेन्झमधल्या या घरात राहायला येऊन मला आठच दिवस झाले होते. खोलीभर फळ्या पसरलेल्या होत्या, कपडे अजून बॅगांमध्येच होते, आणि त्या दिवशी मला खरोखर संताप आला.

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात हे आता सर्वांना ठाऊक आहे; पण स्वतःच्या घरात, दिवसाढवळ्या, चार खुंट्या ठोकायलाही मनाई असावी हे मला पटेना. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आमच्या इमारतीच्या नियमांप्रमाणे दुपारी एक ते तीन पुन्हा शांतता, आणि रविवारी व सुट्टीच्या सणांना तर दिवसभर. मग नोकरी करणाऱ्या एकट्या बाईने कपाट जोडायचे तरी कधी? रविवारच्या या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले १३९ वे कलम १९४९ च्या घटनेने १४० व्या कलमाद्वारे आपलेसे केले. आमच्या वेंगुर्ल्याकडे चतुर्थीच्या आदल्या रात्री दोन दोन वाजेपर्यंत माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, बांधण्याची ठोकाठोक चालते, आणि तेव्हा शेजारी येतो तो तक्रार करायला नव्हे, दोरी धरायला. हे मी त्या बाईंना मनातल्या मनात कितीदा तरी ऐकवले. तरीही एवढे कबूल केले पाहिजे की ठोकता येईना, म्हणूनच मी जोडणीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नीट पाहिली आणि कपाटाच्या नोंदींच्या माझ्या वहीची सुरुवात त्या रविवारी झाली.

त्या पुस्तिकेत शब्द एकही नव्हता. नुसती चित्रे, बाण आणि आकडे. सव्वीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीशेजारी कोणता स्क्रू किती नग लागणार याची नोंद. दोन स्क्रू एकमेकांसारखे दिसत असतील तर तिथे खऱ्या मापाचे चित्र दिलेले, म्हणजे स्क्रू त्यावर ठेवून पडताळता येतो. बाजूच्या फळ्यांवर भोकांची उभी रांग होती, प्रत्येक भोक ५ मिलिमीटरचे आणि एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत नेमके ३२ मिलिमीटरचे अंतर. दारांना बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचा गोल खड्डा. ही ३२ मिलिमीटरची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत रुळली आणि पुढे अनेक देशांतल्या कारखान्यांनी तीच मापे धरली, त्यामुळे एका कारखान्याची बिजागरी पुष्कळदा दुसऱ्याच्या दारालाही बसते. ज्या माणसाने ती चित्रे काढली असतील, त्याने आयुष्यात कधीही पटाशी न धरलेल्या माणसाचा हात डोळ्यांसमोर ठेवला होता. मी तोच हात होते, आणि असा विचार कोणी माझ्यासाठी केल्याचे मला त्याआधी आठवत नाही.

माझ्या बाबांनी चाळीस वर्षे सुतारकाम केले. रंधा, पटाशी, गिरमिट, खतावणी ही नावे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहेत, पण त्यातले एकही हत्यार माझ्या हाती आले नाही. ते भावाला दिले गेले आणि त्याने पुढे बँकेची नोकरी धरली. यात बाबांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी आमच्या वाडीत मुलीला रंध्यावर बसवणारे एकही घर नव्हते.

दुपारी व्हिडिओ कॉलवर बाबांना फळ्या दाखवल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारले, "पैशे दिलंस, मगे काम तूच कित्याक करतंस?" मी त्यांना सांगितले की इथे सुताराला बोलावले तर मजुरी कपाटाच्या किमतीहून जास्त होईल. युरोपातल्या लोकांना श्रमाची प्रतिष्ठा कळते म्हणून ते सगळे स्वतः करतात, असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने लिहिले जाते. माझ्या मते मजुरी परवडत नाही हे त्यामागचे पहिले कारण आहे. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे कपाट सुताराच्या मुलीने घ्यावे का, हा प्रश्न बाबांनी विचारला नाही, तरी उत्तर मीच दिले: भाड्याचे घर आहे, कधी सोडावे लागेल सांगता येत नाही, आणि कोब्लेन्झच्या कोरड्या, उबदार खोलीत हा माल टिकतो. आपल्याकडे तो घेऊ नये हे मात्र मी आग्रहाने सांगेन. आमच्या वाडीत एका घरी असे कपाट आले होते, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या खालच्या कडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या फुगल्या.

बाबांचा दुसरा प्रश्न कामाचा होता. छत किती उंच, हे त्यांनी विचारले. कपाट २३६ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर खोल होते, आणि ते जमिनीवर आडवे जोडून मग उभे करायचे असे मी ठरवले होते. उभे करताना कपाटाचा कर्ण छताखालून फिरला पाहिजे. तो कर्ण दोनशे साडेत्रेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि माझे छत २४० वर आहे. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर यासाठी एक लहानसे चित्र होते, ते माझ्या नजरेतून सुटले होते. म्हणजे कपाट उभेच जोडायला हवे होते आणि बाजूची फळी धरायला दुसरे माणूस हवे होते.

सोमवारी संध्याकाळी सहाला पुन्हा घंटा वाजली. त्याच बाई आल्या होत्या आणि त्यांच्या हातात रबरी हातोडी होती, कारण लोखंडी हातोडीने फळीच्या कडा फुटतात हे त्यांनी आदल्या दिवशी माझ्या हाताकडे पाहूनच ओळखले होते. दोन तास त्या फळी धरून उभ्या राहिल्या. माझ्या संतापाबद्दल मी त्यांना काही सांगितले नाही. खोबऱ्याच्या वड्या मात्र पुढच्या शनिवारी नेऊन दिल्या.

फोन इस्त्रीच्या टेबलावर टेकवून मी प्रत्येक पायरीनंतर एक फोटो काढत होते आणि वहीत पायरीचा क्रमांक, वापरलेले नग व उरलेले नग लिहीत होते. सतराव्या पायरीला ड्रॉवरच्या पट्टीसाठी भोके सापडेनात, तेव्हा मागचे फोटो पाहिले आणि नवव्या पायरीलाच मधली फळी उलटी लागल्याचे दिसले. फोटो नसते तर मी बहुधा नवी भोके पाडत बसले असते. कॅम लॉक, म्हणजे फळीच्या आत अर्धा फेरा देताच आवळणारी ती गोल चकती, उलट फिरवून सांधा सोडवता येतो. पण हे वरचेवर केले किंवा चकती जोराने पिळली तर भोकाभोवतीचा भुसा सुटतो आणि पकड कायमची जाते. खुंट्यांना मी डिंक लावला नाही, कारण घर बदलताना हेच कपाट पुन्हा सोडवायचे आहे, आणि वही मुख्यतः त्या दिवसासाठी आहे.

मागचा पत्रा, म्हणजे ३ मिलिमीटरचा पातळ हार्डबोर्ड, ठोकायची वेळ आली तेव्हा भारतात मध्यरात्र होऊन गेली होती, तरी बाबा जागे होते. "गुण्यात आसा काय बघ, मगे खिळे मार," असे ते दोनदा म्हणाले; गुण्यात म्हणजे काटकोनात. दोन्ही कर्ण मोजले तर ६ मिलिमीटरचा फरक निघाला, बाबांच्या हिशेबाने दोन सूत. बाईंनी वरचा कोपरा दाबला, कर्ण सारखे झाले आणि मग खिळे मारले. इतक्या जड सांगाड्याला काटकोनात धरून ठेवतो तो हा पातळ पत्राच, हे मला तेव्हा समजले. शेवटी कपाट पुढे कलंडू नये म्हणून ते भिंतीला पट्टीने जखडले.

कोब्लेन्झहून थोड्याच अंतरावर ऱ्हाइनच्या काठी बोप्पार्ड आहे. मिखाएल थोनेट १७९६ मध्ये तिथे जन्मला. त्याने व्हिएन्नात १८५९ साली वाकवलेल्या लाकडाची चौदा क्रमांकाची खुर्ची काढली. मुंबईच्या इराणी हॉटेलांत आपण बसलो त्या खुर्च्या याच घराण्यातल्या. सहा तुकडे, दहा स्क्रू, आणि एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या करून छत्तीस खुर्च्या मावत. बोप्पार्डच्या संग्रहालयातली ती खुर्ची मी बाबांना फोटोत दाखवली, तेव्हा त्यांनी फक्त तिच्या बैठकीचे वळण बराच वेळ पाहिले.

हे मी आता वेंगुर्ल्याच्या घरी पडवीत बसून लिहीत आहे. वही सोबत आणली होती. बाबांनी ती चष्मा लावून पहिल्यापासून वाचली आणि दुसऱ्या दिवशी माजघरातले फणसाचे जुने कपाट सोडवायला काढले. त्याची खालची पट्टी वाळवीने खाल्ली आहे आणि पावसाच्या आत ती बदलायची आहे. त्या कपाटात खिळा एकही नाही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कूस, आणि वरून पाचर. पहिली पाचर निघाली आणि कूस बाहेर आली, तेव्हा तिच्या अंगावर पटाशीने मारलेली एक रेघ होती, आणि समोरच्या खाचेशेजारी तशीच एक. पुढच्या सांध्याला दोन रेघा, त्याच्या पुढच्याला तीन, आणि मागच्या पायांना फुल्या.

बाबांनी सांगितले की त्या वेळी वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. कपाट त्यांनी बाजारातल्या दुकानात पूर्ण जोडून पाहिले, सांध्यांवर खुणा केल्या, पुन्हा सोडवले, आणि चार माणसांनी ते डोक्यावरून साकवापलीकडे आणून इथे जोडले. इतकी वर्षे मी त्या कपाटातून कपडे काढले, पण हे मला माहीत नव्हते. मला कधी सांगितले का नाही असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तू इचारलंस खंय?"

आज दुपारपर्यंत सहा सांधे सोडवून झाले आहेत. बाबा खूण दाखवतात, मी फोटो काढते आणि लिहिते. मी चुकीची बाजू लिहिली तर ते पान परत मागतात. शेवटची नोंद अशी आहे: पुढचा उजवा पाय, खालून दुसरी खाच, तीन रेघा, आतल्या अंगाला, पाचर डावीकडून.