सहावं नाट्यगृह नको, तालमीची जागा द्या: विकास आराखड्यावर आम्ही नोंदवलेली सूचना

पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेची पाच नाट्यगृहं आहेत. चिंचवडचं रामकृष्ण मोरे, संत तुकारामनगरचं अत्रे, भोसरीचं लांडगे, पिंपळे गुरवचं निळू फुले आणि प्राधिकरणातलं गदिमा. त्यामुळे आम्ही हौशी नाटकवाले शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या मसुद्यावर, सूचना द्यायला निघालो तेव्हा ‘आता आणखी कशाला?’ असं घरच्यांनीही विचारलं.

प्रश्न रास्त होता. पण नाट्यगृह लागतं एका संध्याकाळसाठी. त्याआधीची दीड-दोन महिन्यांची तालीम शाळेच्या वर्गात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर कुणाच्या गच्चीवर चालते. आणि प्रायोगिक नाटकाला शंभर माणसं आली तरी आम्ही खूश असतो. तीच मोठ्या नाट्यगृहात विखरून बसली की नट खचतो. 2001 च्या जनगणनेत 10 लाखांचं असलेलं हे शहर 2011 मध्येच 17 लाखांवर गेलं. त्यानंतर वाकड, रावेत, मोशीकडे जी वस्ती वाढली, तिथल्या पोरांना तालमीला यायचं म्हणजे आधी ट्रॅफिक पार करायचं.

ओळखीतले एक निवृत्त नगररचनाकार भेटले म्हणून बरं. कलेचं महत्त्व वगैरे आमचा मजकूर त्यांनी बाजूला ठेवला आणि आरक्षण क्रमांक, म्हणजे आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचा क्रमांक, विचारला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 22 त्यांनीच दाखवलं. विकास आराखड्यात सांस्कृतिक संस्था, नाट्यगृहं, संग्रहालयं, कलादालनं यांसाठी जागा दाखवता येतात, हे त्यात लिहिलेलंच आहे. म्हणजे उपकार मागायचे नव्हते.

नवा भूखंड मात्र मागू नका, म्हणाले. 10 वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर कलम 127 खाली जागेचा मालक पालिकेला ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस देतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षणच उठतं. दवाखाना आणि रस्ता समोर असताना नाटकाच्या भूखंडासाठी आधी पैसे कोण काढणार? (मी आयुक्त असतो तर मीही काढले नसते.) त्यापेक्षा जिथे मंडई, वाचनालय, समाजमंदिर येणारच आहे, तिथे एक मजला मागायचा. समावेशक आरक्षणाची सोय आहेच: मालक बांधून देतो आणि ठरलेला भाग पालिकेकडे येतो.

मग आम्ही नकाशाची पानं घेऊन बसलो. प्रत्येक आरक्षणासाठी वेगळा अर्ज केला, सोबत हाताने काढलेला खोलीचा नकाशा जोडला. तीस बाय चाळीस फुटांची खोली, मध्ये एकही खांब नाही, छत किमान सोळा फूट, दिवे टांगायला वर पाइप, टेम्पोतून नेपथ्य थेट आत नेता येईल असं दार आणि वेगळं वीजमीटर. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. सुनावणीला तीच पुढे करावी लागली.

सूचना-हरकती ऐकणाऱ्या, कलम 28 खालच्या नियोजन समितीपुढे प्रत्येकाला थोडाच वेळ मिळतो, बाहेर रस्तारुंदीत घर जाणारे लोक उभे असतात. त्यांच्यापुढे आपलं मागणं मांडताना ओशाळल्यासारखं होतं, खरं सांगतो. ‘समाजमंदिरात करा की तालीम,’ असं एका सदस्यांनी सुचवलं. तिथे लग्नसराईत तारीख मिळत नाही, छत दहा फुटांचं, दिवा नटाच्या डोक्याला लागतो, हे सांगितल्यावर ते हसले. दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल मी मुद्दाम काढला. 1974 पासून तिथे प्रायोगिक नाटकाची एक चळवळच उभी राहिली, आणि तो होता शाळेचा साधा हॉल. आकडेमोडीपेक्षा हे उदाहरण त्यांना पटलं असावं, कारण पुढचे प्रश्न खोलीच्या मापांवर आले.

अंतिम मंजुरी राज्य सरकारची, ती यायची आहे. तोवर भाड्याच्या नियमाचा मसुदा करतोय. दर तासाचा ठेवा, दिवसाचा नको, आणि संध्याकाळी सात ते दहा ही वेळ वाढदिवसांना देऊ नका, एवढीच दोन कलमं सध्या पक्की झाली आहेत. तिसऱ्यावरून गटात भांडण चालू आहे.