किल्लारी लाईनची 61 पार्सले

औसा तालुक्यातल्या एका पार्सल हबमध्ये मी सहा वर्षांपासून डिलिव्हरीचे काम करतो. आमच्याकडे माणसाला नावापेक्षा लाईनने, म्हणजे तो पार्सले वाटतो त्या मार्गाने, जास्त ओळखतात. माझ्याकडे बेलकुंड आणि उजनीची बाजू आहे म्हणून मी ‘बेलकुंड’. आमच्यातले सर्वांत वडीलधारे गृहस्थ ‘भादा मामा’. नुकताच लागलेला बावीस वर्षांचा मुलगा ‘आलमला’. आणि ज्याच्याविषयी मी लिहितो आहे तो ‘किल्लारी’. त्याची लाईन औशापासून लामजना पाटीमार्गे सुमारे 25 किलोमीटर दूर जाते आणि मंगरूळ, किल्लारी, नांदुर्गा, तळणी अशी गावे घेत परत येते. आमच्या हबमधली ती सर्वांत अवघड लाईन समजली जाते, आणि ती का अवघड आहे हे मला 28 ऑक्टोबर 2024 रोजी, वसुबारसेच्या दिवशी, प्रत्यक्ष कळले.

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्यासाठी सुगीच असते. एरवी माणशी पन्नास-साठ पार्सले निघतात, त्या दिवसांत ती नव्वदच्या पुढे जातात. त्या सोमवारी मालाची मोठी गाडी पहाटेऐवजी अकराला लागली. माल उतरवून, लाईनवार लावून, प्रत्येक पार्सल आपापल्या नावावर स्कॅन करून घेईपर्यंत साडेबारा वाजले. ‘किल्लारी’च्या वाट्याला 94 पार्सले आली होती. त्याने पाठीवरची मोठी बॅग भरली, उरलेले दोन पोत्यांत भरून गाडीला दोन्ही बाजूंनी बांधले आणि तो जेवणाचा डबा न उघडताच निघाला.

साडेतीनच्या सुमारास त्याचा फोन आला. सोयाबीनच्या राशी चालू होत्या आणि त्या दिवसांत आमच्या भागात रस्त्याची एक कड वाळत घातलेल्या सोयाबीनने भरलेली असते. समोरून आलेल्या ट्रकला वाट देण्यासाठी तो कडेला गेला आणि दाण्यांवरून चाक सटकले. “दादा, गाडी घसरली, हात लई दुखायलाय,” एवढेच तो बोलला. पुढचे त्या सोयाबीनच्या मालकाने फोन हातात घेऊन सांगितले. त्या शेतकऱ्याने त्याला आणि त्याच्या पार्सलांना आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून किल्लारीच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. विखुरलेली पार्सले शेतकऱ्याच्या घरच्यांनी वेचून, मोजून पोत्यात भरली होती आणि त्यात एकही कमी नव्हते, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे.

माझी त्या वेळी अकरा पार्सले राहिली होती. मामांची संपत आली होती. ‘आलमला’ची तेवीस होती, पण त्याची गावे जवळची. मी मामांना फोन केला तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. “थांब म्हण त्याला तिथंच, यायलोत आम्ही,” असे म्हणाले आणि ठेवला. मी माझी अकरा पार्सले पावणेपाचपर्यंत उरकली. लामजना पाटीवर आम्ही तिघे भेटून पुढे निघालो, तेव्हा सूर्य खाली उतरला होता.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय, पार्सले दुसऱ्या दिवशी वाटली असती. तसे होत नाही. दुसऱ्या दिवशीची नव्वद त्यांच्यावर येऊन पडतात आणि मग ढीग दिवाळी संपेपर्यंत उतरत नाही. आम्हाला पार्सलमागे पैसे मिळतात. पार्सल पोचले नाही तर मजुरी नाही, आणि पोचवण्याचे प्रमाण ठरावीक टक्क्यांखाली गेले की महिन्याचा बोनसही जातो. पार्सल हरवले तर त्याची किंमत ज्याच्या नावावर ते स्कॅन झाले आहे त्याच्याकडून वळती होते. शिवाय त्या पोत्यांत लेकरांचे दिवाळीचे कपडे होते, आणि वसुबारसेला न पोचलेला कपडा पाडव्यानंतर पोचून काय उपयोग, हा विचार आम्हा प्रत्येकाच्या मनात असतो, कारण आमच्याही घरी लेकरे आहेत.

रुग्णालयात त्याच्या उजव्या मनगटाला कच्चे प्लास्टर घातलेले होते. हाड मोडले होते. तो बाकावर बसला होता आणि पायाशी पोती होती. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती राहिलेल्या पार्सलांची: एकूण 61, मंगरूळ 9, किल्लारी 34, नांदुर्गा 11, तळणी 7. त्यांपैकी 38 पार्सले पैसे घेऊन द्यायची होती आणि त्यांची रक्कम 57,640 रुपये होती.

आता खरी अडचण समोर आली. पार्सले त्याच्या नावावर होती. ती आमच्या नावावर करायची तर हबला परत नेऊन पुन्हा स्कॅन करावी लागतात, म्हणजे पन्नास किलोमीटरची फेरी आणि दिवस संपला. ग्राहकाला येणारा ओटीपी त्याच्याच मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये टाकावा लागतो. ऑनलाईन पैसे घेण्याचा क्यूआर कोडही प्रत्येक पार्सलसाठी तिथेच तयार होतो. मी हबच्या इन्चार्जना फोन लावला. नियमात हे बसत नाही, पार्सल एका जागी आणि फोन दुसऱ्या जागी असला की अ‍ॅप तसा शेरा मारते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि मग त्यांनीच सांगितले की तुम्ही वाटा, शेऱ्यांचा खुलासा मी माझ्या नावाने लिहून पाठवतो. त्या माणसाने त्या दिवशी स्वतःवर घेतलेली जबाबदारी लहान नव्हती.

तेव्हा ठरले असे: तो रुग्णालयाच्या बाकावर मोबाईल घेऊन बसेल, आम्ही दारोदार जाऊन त्याला फोन करू, ओटीपी सांगू, तो डाव्या हाताच्या अंगठ्याने टाकेल, क्यूआर लागला तर त्याचा फोटो तो आम्हाला पाठवेल. मामा नांदुर्गा आणि तळणी घेऊन निघाले, ‘आलमला’ मंगरूळकडे गेला आणि ते संपवून तो किल्लारीत माझ्या मदतीला यायचा होता. किल्लारी मी घेतले.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपाने किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली, हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही. त्यानंतर 52 गावे जुनी जागा सोडून नव्याने वसवली गेली, आणि ती आमच्या जुन्या गावांसारखी नाहीत. जुन्या गावात वेस असते, पार असतो, गल्लीला वळण असते आणि पत्ता त्या वळणांवरूनच सांगितला जातो. या गावांत सरळ ओळी आहेत, रस्ते रुंद आहेत आणि घरे ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणात 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची बांधून दिलेली होती. तीस वर्षांत लोकांनी पुढे खोल्या वाढवल्या, मजले चढवले, पण अंधारात मोटारसायकलच्या उजेडात एक ओळ दुसरीसारखीच दिसते. पार्सलावरचा पत्ता मात्र बहुधा असा असतो: नाव, किल्लारी, तालुका औसा, जिल्हा लातूर. त्याखाली मोबाईल नंबर, आणि तो मोबाईल शेतात गेलेल्या माणसाच्या खिशात.

पहिल्या चार पार्सलांना मला चाळीस मिनिटे लागली. या गतीने मध्यरात्र झाली असती. मग मी पत्ते शोधणे सोडून दिले आणि पार्सलावरचे नाव वाचून थेट त्यालाच विचारू लागलो. तो बाकावरून, डोळ्यांपुढे गाव असल्यासारखा सांगत होता. एका पार्सलाचे मला अजून शब्दशः आठवते: “शाळेकडून आत या, चौथी ओळ धरा. साडेसातशेची घरं संपली की चारशेची लागतात, तिथं तिसरं दार. दारात सिमेंटचा हौद हाय, हौदावर निळं झाकण.” मी बॅटरी मारली. हौद होता, झाकण होते, आणि हौदाच्या पलीकडे त्या घरातल्या बाया गाय-वासराला ओवाळत होत्या. ओवाळणे होईपर्यंत मी पार्सल हातात धरून उभा राहिलो.

त्यापुढे वेग आला. त्याला प्रत्येक घर ठाऊक होते, एवढेच म्हणून भागणार नाही. कोणाचा मुलगा पुण्याहून वस्तू मागवतो आणि पैसे मात्र घरात आईकडे नसतात, तेव्हा आधी मुलाला फोन लावायचा. कोणाचे पार्सल शेजारच्या किराणा दुकानात ठेवले तर चालते आणि कोणाचे चालत नाही. कोणत्या घरातली सून दुपारी झोपते आणि संध्याकाळीच दार उघडते. हे सगळे त्याच्या डोक्यात होते. कोणत्याही अ‍ॅपमध्ये ते नाही. सहा वर्षे हे काम करूनही त्याच्या गावात मी नवखाच होतो, आणि त्याचा हात मोडला असला तरी लाईन तोच चालवत होता.

एका आज्जींनी मात्र मला ओटीपी द्यायला साफ नकार दिला. “अनोळखी माणसाला नंबर सांगू नका म्हणून रोज मोबाईलवर सांगतेत. रोजचा पोरगा कुठाय?” त्यांचे अगदी बरोबर होते. मी फोन त्यांच्या कानाला लावला. तो पलीकडून काय बोलला ते मला ऐकू आले नाही, पण आज्जींनी आधी त्याला हाताविषयी चार प्रश्न विचारले, प्लास्टर सुटेपर्यंत गाडी हातात धरायची नाही अशी ताकीद दिली आणि मगच सहा आकडे सांगितले.

सव्वासातला ‘आलमला’ आला. त्याची स्वतःची पाच पार्सले अजून बॅगेत होती. ती त्याच्याच गल्लीतली आहेत, रात्री देईन, असे म्हणाला. उरलेली किल्लारी आम्ही दोघांनी ओळी वाटून घेऊन साडेआठला संपवली. मामा तळणीहून त्याच सुमारास आले. मामा शेतकरी माणूस. हा प्रकार त्यांना नवा नव्हता. ज्याची नांगरट मागे पडली त्याच्या रानात गावची औते एका दिवशी उतरतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो, त्याला आपल्याकडे इर्जिक म्हणतात. आपल्या मजुरीतून पेट्रोलचे पैसे देतो असे ‘किल्लारी’ पुन्हा पुन्हा म्हणत होता, तेव्हा मामा त्याला म्हणाले, “इर्जिकीला कुणी भाडं देत असतंय का? हात बरा झाल्यावर जेवू घाल.”

शेवटचा प्रश्न पैशांचा होता. विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरपासून लागू होती, रस्त्यांवर तपासणी चालू होती आणि 50 हजारांहून अधिक रोख जवळ सापडली तर हिशेबाचा पुरावा दाखवावा लागे. आमच्या तिघांकडे मिळून 38,385 रुपये रोख जमले होते आणि त्याच्याकडचे दुपारचे 14,210. एकत्र केले तर मर्यादा ओलांडली जात होती. आम्ही ते चार पाकिटांत वेगळे ठेवले आणि प्रत्येक पाकिटावर कोणत्या गावाचे किती ते लिहिले. त्याला मामांच्या गाडीवर मध्ये बसवून, मागे ‘आलमला’ने धरून, आम्ही निघालो, त्याची आणि ‘आलमला’ची गाडी त्या शेतकऱ्याच्या अंगणात राहिली. लामजना पाटीवर पथकाने अडवले. त्यांनी पाकिटे मोजली, मोबाईलमधली यादी पाहिली, नोंदवहीत लिहून घेतले आणि प्लास्टरकडे पाहून, तिघे एका गाडीवर का, हे विचारले नाही.

कायद्याच्या भाषेत आमच्यासारख्यांना प्लॅटफॉर्म कामगार म्हणतात. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आमची व्याख्या आली, ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागूही झाली आणि मला तिच्याकडून मनापासून आशा आहे. पण त्या सोमवारी त्याला पगारी रजा नव्हती, आणि एक्स-रेपासून पक्क्या प्लास्टरपर्यंतचा खर्च त्याने घरातून केला.

हबमध्ये दहा वाजता हिशेब झाला. ऑनलाईन 17,956 आणि रोख 38,385, मिळून 56,341. राहिलेले 1,299 रुपये एका न पोचलेल्या पार्सलाचे. पैसा न् पैसा जुळला. 61 पैकी 59 पार्सले पोचली होती. दोन्ही राहिलेली नांदुर्ग्याची, घराला कुलूप असलेली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी इन्चार्जनी माझ्या नावावर स्कॅन केली. निघण्याआधी मी त्याला फोन करून ती माणसे कुठे भेटतील ते विचारले. त्याने दोन्हींची शेते सांगितली, त्यातल्या एका शेताला जाताना ओढ्यापलीकडे गाडी लावून चालत जा असेही सांगितले, आणि मी तसाच गेलो.